क्रेडिट कार्ड नाकारलं, लिमिट वाढवून दिली नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्ज नामंजूर झाल्याचा एका ओळीचा मेसेज येतो. ‘आमच्या अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज स्वीकारता येत नाही.’ त्यानंतर बरेच जण एक तर गप्प बसतात, नाहीतर रागाच्या भरात त्याच आठवड्यात आणखी चार बँकांकडे अर्ज टाकतात. दोन्हींत नुकसान तुमचंच आहे. नकारामागे कारण असतं, ते लेखी मागता येतं, आणि ते हातात आल्याशिवाय पुढचा अर्ज करू नये, एवढाच या पानाचा आग्रह आहे. इथे दिलेले नियम भारतातले आहेत.

बँकेने कारणच सांगितलं नाही. ते मागायचा मला हक्क आहे का?

हो, आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल सविस्तर निर्देश काढले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. कार्डाचा अर्ज नाकारला तर नेमकं कोणत्या कारणाने नाकारला हे अर्जदाराला लेखी कळवायचं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमकं कारण होत नाही. त्यावर समाधान मानू नका.

कॉल सेंटरला फोन करण्यात वेळ घालवण्यापेक्षा ईमेल पाठवा, म्हणजे तारीख आणि मजकूर दोन्ही तुमच्याकडे राहतात. मजकूर साधा ठेवा: ‘माझा अमुक क्रमांकाचा अर्ज अमुक तारखेला नामंजूर झाला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे नामंजुरीचं नेमकं कारण लेखी कळवावं. कारण उत्पन्नाशी, कागदपत्रांशी, पत्त्याशी की क्रेडिट रिपोर्टशी संबंधित आहे, आणि रिपोर्ट पाहिला असल्यास तो कोणत्या कंपनीचा, हेही कळवावं.’ शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. क्रेडिट रिपोर्ट म्हणजे तुमच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, आणि स्कोअर म्हणजे त्यावरून काढलेला आकडा. ही नोंद चार कंपन्या ठेवतात, त्यांच्या रिपोर्टमध्ये फरक असू शकतो, आणि चूक नेमकी बँकेने पाहिलेल्याच रिपोर्टमध्ये असण्याची शक्यता असते. उत्तर आलं नाही किंवा तेच गुळगुळीत वाक्य परत आलं, तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो.

नकार मिळाला की स्कोअर कमी होतो का?

नकाराची नोंद रिपोर्टमध्ये होतच नाही. नोंद होते ती चौकशीची, म्हणजे अर्ज आल्यावर बँकेने तुमचा रिपोर्ट मागवला याची. एका चौकशीने स्कोअर थोडासा हलतो आणि काही महिन्यांत सावरतो. पण दोन-तीन आठवड्यांत पाच-सहा चौकश्या दिसल्या तर पुढच्या बँकेला वाटतं की या माणसाला पैशांची निकड आहे आणि बाकीचे देत नाहीत. रागाच्या भरात टाकलेले अर्ज असे अंगाशी येतात.

तुम्ही स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा पाहिला तरी स्कोअरला धक्का लागत नाही. ही भीती मनातून काढून टाका.

माझा स्कोअर ७८० आहे. तरी नकार कसा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याची चिडचिड मला पूर्ण पटते. वर्षानुवर्षं वेळेवर हप्ते भरून स्कोअर जपायचा आणि तरीही दार बंद. पण ३०० ते ९०० मधला तो आकडा फक्त तुमच्या उधारीच्या व्यवहाराबद्दल सांगतो, मुख्यतः आतापर्यंत घेतलेलं कर्ज तुम्ही कसं फेडलं ते. तुमचं उत्पन्न किती आहे, हे तो सांगतच नाही. बँकेला तेही बघायचं असतं.

म्हणून स्कोअर चांगला असूनही अर्ज अडकतो. चालू हप्त्यांची बेरीज पगाराच्या मानाने जास्त असेल तर नव्या कार्डासाठी जागा उरत नाही. गृहकर्ज नुकतंच घेतलेलं असेल तेव्हा हे हमखास होतं. नोकरी बदलून दोन-तीन महिनेच झाले असतील, व्यवसाय असून दोन वर्षांची आयटी रिटर्न्स भरलेली नसतील, तुमच्या पिनकोडला ती बँक कार्ड देतच नसेल, तरी नकार येतो. कधी त्याच बँकेत पूर्वी एखादं खातं थकलेलं असतं. ते रिपोर्टमधून गेलं तरी बँकेच्या स्वतःच्या नोंदीतून जात नाही.

आणखी एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही: आधीच्या सगळ्या कार्डांची मिळून लिमिट. त्यावर एक रुपयाही बाकी नसला, तरी ती रक्कम तुम्ही उद्या वापरू शकता, असा विचार बँक करते. आणि अर्जदाराच्या इतर कार्डांची लिमिट बघून जोखीम ठरवावी, हे निर्देशांतही आहे. चार कार्डं पाकिटात नुसती पडून असतील तर पाचव्याच्या नकाराचं कारण कदाचित तीच असतील.

कधी कारण तुमच्यात नसतंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डावरच्या उधारीसाठी बँकांचा जोखीम-भार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. म्हणजे तेवढीच उधारी द्यायला बँकेला स्वतःचं भांडवल जास्त अडकवावं लागतं. असं झालं की बँका निकष कडक करतात. काल ज्या माणसाला कार्ड मिळालं असतं, त्यालाच आज मिळत नाही.

मी कधी कर्जच घेतलं नाही. मग स्वच्छ माणसाला नकार का?

कारण तुमच्याबद्दल वाईट काही नाही, तसं चांगलंही काही लिहिलेलं नाही. रिपोर्टमध्ये स्कोअरच्या जागी ‘एनएच’ किंवा ‘-१’ दिसतं. म्हणजे इतिहासच नाही. कर्जाला हात न लावणाऱ्या माणसाला हे अपमानास्पद वाटतं, आणि वाटणारच.

रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कुठलाही किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असंही बँकांना सांगितलेलं आहे, आणि सरकारने २०२५ मध्ये संसदेत ते पुन्हा स्पष्ट केलं. कारण विचारताना याचा उल्लेख जरूर करा. तरी उत्पन्न, नोकरी आणि बाकीची छाननी होतेच, म्हणून हा उल्लेख केला की कार्ड मिळालंच असं धरून चालू नका.

इतिहास उभा करायचा सगळ्यात खात्रीचा रस्ता म्हणजे मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड. ठेव तारण राहते, तिच्यावर व्याज चालू राहतं, आणि ठेवीच्या ठरावीक हिश्श्याइतकी लिमिट मिळते. त्यावर महिन्याला एखादं छोटं बिल टाकायचं आणि पूर्ण भरायचं. घरातल्या कुणाच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड घेऊन हे साधत नाही, कारण त्या खर्चाची नोंद मूळ कार्डधारकाच्या नावावर होते.

रिपोर्ट कुठून काढायचा आणि त्यात नेमकं काय बघायचं?

भारतात चार कंपन्या हे काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. थेट त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या. नुसता स्कोअर दाखवणारी ॲप सोयीची असतात, पण नकाराचं मूळ आतल्या पानांत सापडतं.

आधी स्वतःची माहिती वाचा. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन. अनोळखी पत्ता किंवा नंबर दिसला तर तुमची फाइल दुसऱ्या कुणाच्या फाइलमध्ये मिसळली असण्याची शक्यता आहे. मग खात्यांची यादी: यातलं प्रत्येक कर्ज तुम्हीच घेतलंय का? हप्त्यांवर घेतलेला फोन, ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’ असलं ॲप, या सगळ्यांची कर्ज म्हणून नोंद होऊ शकते. बंद केलेलं खातं अजून चालू दिसतंय का, तेही बघा.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांची एक ओळ असते. सिबिलच्या रिपोर्टमध्ये ती मागच्या ३६ महिन्यांपर्यंत जाते. महिन्याखाली ‘०००’ असेल तर त्या महिन्यात थकबाकी नव्हती. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही, त्याला घाबरू नका. काही ठिकाणी आकड्यांऐवजी अक्षरं असतात: ‘एसटीडी’ ठीक आहे, पण ‘एसएमए’, ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ (खातं थकल्याच्या किंवा बुडीत धरल्याच्या खुणा) यातलं काही दिसलं तर तिथेच थांबा, नकाराचं उत्तर बहुधा तेच आहे. अगदी किरकोळ रकमेमुळेही हे होतं. न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी लागते, बिल जुन्या ईमेलवर जात राहतं, त्यावर व्याज आणि दंड चढतो, आणि ‘०००’च्या रांगेत ‘०३०’, ‘०६०’, ‘०९०’ उमटत जातात. माणसाला पत्ताच नसतो.

बिल एक-दोन दिवस उशिरा भरलं म्हणून मात्र डाग पडत नाही. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच बँकेने ते थकीत म्हणून कळवायचं असतं. पण तीन दिवस उलटले की उशीर मूळ तारखेपासून मोजतात.

रिपोर्टमध्ये चूक सापडली. आता?

त्या कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि संबंधित बँकेलाही कळवा. दोघांनाही, कारण माहिती बँकेने दुरुस्त करून पाठवल्याशिवाय कंपनी स्वतःहून आकडा बदलत नाही. भरल्याच्या पावत्या आणि नो ड्यूज पत्र (काही बाकी नाही असं बँकेचं पत्र) जोडा. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि पुढच्या एप्रिलपासून लागू झाला. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, ३० दिवस त्या तारखेपासूनच मोजले जातात. दुरुस्ती रिपोर्टमध्ये प्रत्यक्ष दिसेपर्यंत नवा अर्ज नको.

जुनं कार्ड ‘सेटल’ केलं होतं. ते प्रकरण संपलं ना?

वसुलीवाल्यांच्या लेखी संपलं. रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ लिहिलं गेलं, आणि त्याचा अर्थ पूर्ण पैसे न घेता बँकेने खातं मिटवलं. पुढच्या बँकेला हा शब्द दिसला की अनेकदा अर्ज तिथेच थांबतो. सेटलमेंट करताना हे समोरच्याने नीट सांगितलं पाहिजे, ते बहुतेक वेळा सांगितलं जात नाही, आणि याची मला खरंच चीड आहे. आता शक्य असेल तर त्या बँकेकडे उरलेली रक्कम किती हे लेखी विचारा, ती भरा, नो ड्यूज पत्र घ्या आणि रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ अशी नोंद करायला सांगा. पैसे भरण्याआधी हे सगळं लेखी ठरवून घ्या.

मित्राला जामीन राहिलो होतो. त्याचा संबंध येतो का?

येतो. जामीन राहिलेलं आणि संयुक्त नावावरचं कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसतं. त्याने हप्ते चुकवले तर डाग तुम्हालाही लागतो.

मी बिल दर महिन्याला पूर्ण भरतो. तरी ‘लिमिटचा वापर जास्त’ हे कारण कसं?

बँक तुमची बाकी कोणत्या दिवशी कळवते, यावर हे अवलंबून आहे. उदाहरण घ्या. लिमिट ५०,००० रुपये. स्टेटमेंट १२ तारखेला बनतं, देय तारीख महिनाअखेरीस. तुम्ही १२ तारखेपर्यंत ४३,००० खर्च केले आणि ३० तारखेला पूर्ण भरले. तुमच्या हिशेबी बाकी शून्य. पण मधल्या काळात, समजा १५ तारखेला, बँकेने माहिती पाठवली तर त्यात ४३,००० बाकी जाते. वापर ८६ टक्के. असं महिनोन्‌महिने चालू राहिलं तर एक रुपया व्याज न भरणारा माणूसही कागदावर गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो.

यावर उपाय साधा आहे. स्टेटमेंट बनायच्या दोन-तीन दिवस आधी मोठा भाग भरून टाका. वरच्याच उदाहरणात १० तारखेला ३५,००० भरले आणि नंतर नवा खर्च केला नाही, तर कळवली जाणारी बाकी ८,०००, म्हणजे १६ टक्के. जानेवारी २०२५ पासून बँकांनी ही माहिती महिन्यातून किमान दोनदा पाठवायची आहे, त्यामुळे बदल लवकर दिसतो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळीकडे म्हणतात. तो नियम नाही, नुसता अंदाज आहे. पण अर्ज करण्याआधीचे दोन-तीन महिने तेवढं सांभाळावं.

लिमिट वाढवायची विनंती नाकारली. इथे कारणं वेगळी असतात का?

थोडी वेगळी. इथे बँकेकडे तुमच्या वागण्याची स्वतःची नोंद असते. दर महिन्याला फक्त ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान रक्कम) भरणं, कार्डावर एटीएममधून रोख काढणं, लिमिटला वारंवार टेकणं, हे तिला खटकतं. याच्या उलटही होतं: कार्ड फारसं वापरतच नसाल तर जास्त लिमिट कशाला, असा साधा हिशेब. कार्ड घेऊन सहा महिनेही झाले नसतील तर बहुतेक बँका विचारच करत नाहीत.

आणि एक कारण अगदीच सोपं आहे. बँकेकडे तुमचा पगार अजून कार्ड घेतलं तेव्हाचाच आहे. दोनदा पगारवाढ झाली, पण बँकेला कोण सांगणार? सॅलरी स्लिप किंवा रिटर्न देऊन उत्पन्न अद्ययावत करा, मग विनंती करा. विनंती करताना रिपोर्ट नव्याने मागवणार का, हेही आधी विचारून घ्या. काही बँका मागवतात आणि त्याची चौकशी म्हणून नोंद होते.

एकदाच मोठा खर्च येणार असेल, दवाखाना किंवा प्रवास, तर तात्पुरती वाढ मिळते का विचारा. किंवा खर्चाआधी कार्डात पैसे भरून ठेवता येतील का, ते बघा.

बँकेने न विचारता लिमिट वाढवली, किंवा कमी केली. चालतं का?

तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय वाढवता येत नाही. कमी मात्र करू शकते, आणि तुम्हाला ते कळवायला हवं. कमी केली की वापराची टक्केवारी आपोआप चढते, म्हणून त्या महिन्यात बाकी लवकर भरा आणि कारण लेखी विचारा.

‘प्री-अप्रूव्ह्ड’ असं लिहून आलं होतं. तरी नाकारलं!

तो शब्द जाहिरातीचा आहे. बँकेने वरवरच्या माहितीवरून यादी काढलेली असते, खरी तपासणी तुम्ही ‘हो’ म्हटल्यावर होते. ऑफर तुमच्या स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये लॉग-इन केल्यावर दिसत असेल तर तिला थोडा अर्थ आहे, पगाराचं खातं तिथे असेल तर अधिकच. अनोळखी नंबरवरून आलेल्या मेसेजला काहीही अर्थ नाही.

परत अर्ज कधी करावा?

कारण दूर झाल्यावर. पत्ता जुळला नाही म्हणून नकार असेल तर कागद दुरुस्त झाला की लगेच. चौकश्या जास्त असतील तर सहा महिने थांबलेलं बरं. थकबाकीचा डाग असेल तर तो भरून निदान सहा महिने ते वर्षभर ‘०००’ची सलग रांग दिसू द्या. काही बँका एकदा नाकारल्यावर ठरावीक महिने अर्ज घेतच नाहीत. तो काळ किती, हे कारण विचारतानाच विचारा.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करून कार्ड मिळेल का?

कार्ड मिळणार नाही. कुणाला उधार द्यायचं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि लोकपाल त्यात पडत नाही. पण कारण लेखी दिलं नाही, चुकीची माहिती दुरुस्त केली नाही, संमतीशिवाय कार्ड माथी मारलं, या गोष्टींवर तक्रार होऊ शकते. आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच लोकपाल योजना आहे, आणि सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

‘स्कोअर वाढवून देतो’, ‘लिमिट वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांचं काय?

त्यांच्यापासून चार हात लांब राहा. रिपोर्टमधली चूक तुम्ही फुकट दुरुस्त करून घेऊ शकता, आणि जे खरं आहे ते पैसे घेऊन कुणीच पुसू शकत नाही. लिमिट वाढवण्याच्या नावाखाली येणारे फोन त्याहून घातक. नकारानंतर माणूस आशेवर असतो, आणि नेमकं तेच हेरलं जातं. समोरचा तुमचं नाव आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे बरोबर सांगतो, म्हणून विश्वास बसतो. लिमिट वाढवायला ओटीपी, सीव्हीव्ही किंवा फोनचा स्क्रीन दाखवणारं ॲप कधीच लागत नाही. हे मागितलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

परदेशात गेलो तर इथला स्कोअर चालेल का?

साधारणपणे नाही, प्रत्येक देशात सुरुवात शून्यातून होते. पण कारण विचारायचा हक्क काही देशांत तिथेही असतो. अमेरिकेत १९७४ च्या समान पतसंधी कायद्याखाली अर्जावरचा निर्णय सहसा ३० दिवसांत कळवावा लागतो आणि नाकारल्यास नेमकी कारणं मागता येतात. नकार रिपोर्टच्या आधारे असेल तर ६० दिवसांच्या आत मागितल्यास तो रिपोर्ट फुकट मिळतो.

सगळं दुरुस्त केलं. आता फॉर्म भरताना काय सांभाळू?

एका वेळी एकच बँक, शक्यतो पगाराचं किंवा जुनं बचत खातं असलेली. त्या कार्डासाठी लागणारं किमान उत्पन्न आधी वाचा आणि तुम्ही त्यात बसत असाल तरच अर्ज करा. नाव पॅनवर आहे तसंच लिहा, आडनाव आधी की नंतर यावरूनही अर्ज अडकतात. उत्पन्न फुगवू नका, ते पडताळलं जातं आणि खोटी माहिती दिल्याचा शेरा नकारापेक्षा महाग पडतो. आधारवरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा जोडा. आणि अर्ज केल्यावर आठ-दहा दिवस अनोळखी नंबरचे फोन उचला, कारण पडताळणीच्या फोनला उत्तर मिळालं नाही म्हणूनही अर्ज बंद केले जातात. त्या फोनवर कंपनीचं नाव, पत्ता, जन्मतारीख विचारतील. ओटीपी आणि पिन मात्र या फोनवरही सांगायचा नाही.